टिपणीसबाईंची रिकामी खाट

ठाण्यापासून कल्याणपर्यंत मी इतक्या ठिकाणी मेलोय की उद्या खरोखरचं मरण आलं तर त्याला मी नवशिका वाटणार नाही. कोपरीत मेलो, कळव्यात मेलो, माजिवड्याला एका सोसायटीच्या हॉलमध्ये मेलो. डोंबिवलीत तर आमच्याच गल्लीतल्या माघी गणपतीपुढे मेलो. पहिल्या रांगेत आई बसली होती आणि शेजारच्या काकूंना सांगत होती, की हा ठाण्याला हार्टचा मोठा डॉक्टर आहे. मोठा डॉक्टर त्या वेळी सतरंजीवर हातपाय पसरून, तोंड वासून पडला होता. काकूंनी मान डोलावली. पण त्यांच्या पुतणीचं स्थळ मला सांगून येणार होतं, ते काही आलं नाही.

हे सगळं मी केलं ते डॉ. शरयू टिपणीस यांच्यासाठी. म्हणजे मी केलं असं आज म्हणतो. तेव्हा त्या सांगायच्या आणि मी मरायचो. अख्खं रुग्णालय त्यांना ‘बाई’ म्हणायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. ठाणे स्टेशनच्या जवळ एका ट्रस्टचं लहानसं रुग्णालय होतं. मी नुकताच डॉक्टर झालो होतो. गुण बेताचे, उंची भरपूर आणि वजन नावापुरतं. मुलाखतीत बाईंनी मला वैद्यकशास्त्रातलं काहीही विचारलं नाही. शर्टाची वरची दोन बटणं काढायला सांगितली, चष्म्यावरून माझ्या बरगड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, “चालेल.” आपली काटक प्रकृती त्यांना भावली, या आनंदात मी घरी गेलो. त्यांना असा माणूस हवा होता, ज्याची छाती शेवटच्या रांगेतूनही समजेल, हे मला महिन्याभराने कळलं.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, अविवाहित. नौपाड्यात थोरल्या बहिणीबरोबर राहायच्या. सुती पातळ, मनगटावर सेकंदकाटा असलेलं पुरुषी घड्याळ आणि पर्समध्ये भाजलेले शेंगदाणे. बोलणं अगदी शुद्ध, सावकाश. रागावल्या की त्या आणखी शुद्ध आणि आणखी सावकाश बोलायच्या, म्हणून आम्ही त्यांच्या व्याकरणाला भ्यायचो. हॉटेलात गेल्या तर ऑर्डर घ्यायला आलेल्या पोऱ्याची नाडी बघायच्या. लग्नाला गेल्या तर सगळे आहेर बघायचे आणि बाई नवरदेवाचा घाम बघायच्या. तरुण माणूस जांभई देताना दिसला तरी त्यांची नजर त्याच्यावर अडकायची. “हृदयाला जन्मतारीख वाचता येत नाही, साठे,” असं त्या मला सांगायच्या. साठे म्हणजे मी.

हे वेड त्यांना लागलं ते मी तिथे येण्याच्या थोडं आधी. कबड्डी खेळता खेळता मैदानात पडलेल्या एका तरण्याबांड पोराला त्याच्या मित्रांनी उचलून आणलं होतं. दारावर त्यांना सांगितलं गेलं, की आधी केसपेपर काढा. पोरगं विशीतलं, अंगाने भरलेलं. त्याला फीट आली असेल किंवा ऊन लागलं असेल, असं सगळ्यांनीच धरलं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा दिला, कुणी तोंडात पाणी घातलं. केसपेपर निघाला तेव्हा पोरगं बाकावरच गेलेलं होतं. बाई वरच्या वॉर्डात होत्या. त्या खाली आल्या, त्यांनी त्याचे डोळे मिटले आणि तडक विश्वस्तांच्या खोलीत गेल्या.

त्यांनी मागितलं ते एवढंच. फाटकाच्या बाजूला गाद्या ठेवायची खोली होती, ती द्या. तिला रस्त्याकडून एक दार पाडा. आत एक खाट आणि झटका द्यायचं यंत्र ठेवा. चाळिशीच्या आतलं कुणीही कोसळलं, तर त्या दारातून थेट खाटेवर. नाव, गाव, पैसे, केसपेपर सगळं मागाहून. आणि ती खाट कायम रिकामी ठेवायची. ही शेवटची अट विश्वस्तांच्या घशाखाली उतरेना, कारण आमच्याकडे पेशंट व्हरांड्यातसुद्धा झोपायचे. अखेर पुढच्या दिवाळीपर्यंतची मुदत मिळाली. तोवर त्या खाटेवरून एक तरी माणूस आपल्या पायांनी घरी गेला पाहिजे, नाहीतर खोलीत पुन्हा गाद्या.

रिकामी खाट सांभाळणं भरलेल्या वॉर्डापेक्षा अवघड असतं, हे मला त्या वर्षी समजलं. प्रत्येकाचा तिच्यावर डोळा. खुद्द अध्यक्षांच्या सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती मोकळी, हवेशीर खोली त्यांना द्यावी असा निरोप आला. बाईंनी शेंगदाणे खात निरोप ऐकला आणि म्हणाल्या, “त्यांना सांगा, वय बसत नाही. चाळीस वर्षं उशिरा आले.” निरोप शब्दशः पोचवायचं काम माझ्याकडे होतं. मी तो बराच मऊ करून पोचवला आणि तरीही अध्यक्ष मला पुढे नावाने हाक मारेनासे झाले.

दारातून जे पहिले पेशंट आले त्यांनी आमची लाज काढली. एक नवरदेव आला, तो नुसता उपाशी होता. एक विद्यार्थिनी आली, तिचा दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता. मग एका दुपारी रिक्षावाल्यांनी एक आडदांड माणूस आणून खाटेवर टाकला. बाई वर होत्या. आपली वेळ आली, असं मला वाटलं. मी यंत्र चालू केलं, यंत्राच्या दोन्ही मुठींना जेली फासली, थोडी स्वतःच्या विजारीलाही फासली आणि छातीवर टेकवणार, एवढ्यात त्या माणसाने डोळे उघडले. त्याच्या तोंडाला देशी दारूचा भपकारा होता. माझ्या हातातल्या मुठींकडे बघून त्याने अतिशय नम्रपणे विचारलं, “इस्त्री करताय का?” मी नाही म्हटलं. तो उठून बसला आणि त्याने चहा मागितला.

बाईंनी मला विचारलं, नाडी पाहिली होतीस का. मी विजारीवरची जेली पुसू लागलो. “माणूस मेला हे ठरवण्याआधी निदान त्याचं मत घ्यावं, साठे,” त्या म्हणाल्या आणि त्याच्यासाठी खरंच चहा मागवला.

पण हसण्यासारखं सगळंच नव्हतं. ज्यांच्यासाठी ती खाट होती तेही येत होते आणि संपूनच येत होते. खाडीपलीकडून, माजिवड्याच्या नाक्यावरून, गर्दीतून वाट काढत माणसं येईपर्यंत मधली वेळ वाया गेलेली असायची. बाई म्हणायच्या, आपलं दार रुग्णालयात उघडून उपयोग नाही, ते माणूस पडतो तिथे उघडलं पाहिजे. म्हणजे जो शेजारी उभा असेल त्याने छाती दाबायला लागलं पाहिजे आणि दाबत दाबतच इथवर आणलं पाहिजे. मग त्यांनी गादीवाल्याकडून एक टणक लोड शिवून घेतला. दर रविवारी रिक्षात मध्ये लोड, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला मी, अशी आमची वरात निघायची. हात कुठे ठेवायचे ते माझ्यावर दाखवायचं आणि जोर लोडावर काढायचा. तोंडाने श्वास द्यायचं बाई सांगतच नसत. ते सांगितलं तर लोक छातीलाही हात लावणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता.

अशा एका रविवारी कोपरीच्या कोळीवाड्यात मी मेलो, तेव्हा रात्रपाळी करून आलो होतो. बाईंचं बोलणं लांबलं, सतरंजी गार होती, मला झोप लागली. पुढचं मला इतरांकडून कळलं. बाई अगदी रंगात येऊन सांगत होत्या, की याचा श्वास थांबलेला आहे, याला आता कुणी नाही. तेवढ्यात पुढे बसलेली एक म्हातारी कोळीण म्हणाली, “आगो बाय, तुजा मेलेला त घोरतंय.” आणि तिने खात्री करून घ्यायला आपली चप्पल माझ्या नाकाशी धरली. मी ताडकन उठून बसलो. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी लोकांना शांत केलं आणि म्हणाल्या, चपलेने उठतो तो मेलेला नसतो. न उठला तर लगेच छाती. इतक्या वर्षांत त्यांचा कुठलाही धडा एवढा चांगला लोकांच्या डोक्यात बसला नसेल.

त्याच कोपरीतून उन्हाळ्यात एक मुलगी आली. मुलगी म्हणजे नुकतंच लग्न झालेली, शाळेत शिकवणारी. नळावर पाणी भरताना पडली होती. आणणारी पोरं मंडळाची, आमच्या त्या रविवारी हजर असलेली. लोडावर दाबण्यात तीच पोरं सगळ्यात तरबेज होती. बाईंनी यंत्र लावलं, दाबलं, झटके दिले, पुन्हा दाबलं. मी त्यांच्या शेजारी होतो. त्या थांबल्या तेव्हा त्यांचं पातळ घामाने भिजलं होतं. बाहेर येऊन त्यांनी पोरांना विचारलं, रस्त्यात दाबत आलात ना?

पोरं खाली बघायला लागली. मग त्यांच्यातला एकजण म्हणाला, “बाई, लेडीज होती ना. आम्ही बायकांना बोलवायला धावलेलो. त्यांना कोणाला येत नव्हतं.”

ती पोरं वाईट नव्हती. उलट घरंदाज होती, मुलीच्या अंगावर चादर टाकून, नजर वळवून तिला त्यांनी आणलं होतं. बायका आमच्या कार्यक्रमाला येत, पण मागे बसत; हात लावून बघायला पुढे येत ते पुरुष आणि त्या चप्पलवाल्या म्हातारीसारख्या धीट बायका विरळा. शिवाय सतरंजीवर कायम मी. छाती म्हटली की साठेची छाती, हेच सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. बाई त्या पोरांना रागावल्या नाहीत. खोलीत येऊन रिकाम्या झालेल्या खाटेच्या कडेवर बसल्या. शेंगदाण्यांची पुडी हातात तशीच होती.

“चूक माझी आहे, साठे,” त्या म्हणाल्या. “मी इतके दिवस फक्त पुरुषच मारत राहिले.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मला त्या बाईंची इतकी कणव आली, की त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. पण नेमका तोच हात ठेवायला मीही धजलो नाही.

गणपतीत आम्ही पुन्हा कोपरीला गेलो. मी सवयीने चपला काढून सतरंजीकडे निघालो, तर बाईंनी मला अडवलं. घड्याळ आणि चष्मा माझ्या हातात दिला, पदर कमरेला खोचला आणि भर मांडवात, अख्ख्या कोपरीसमोर स्वतः आडव्या झाल्या. माझी मरायची नोकरी गेली होती. ज्यांच्यासमोर मंडळाचे कार्यकर्ते सिगारेट लपवत त्या टिपणीसबाई जमिनीवर पडलेल्या पाहून मांडवात कुणाला कुठे बघावं कळेना. बोलायचं काम माझ्यावर आलं. मी काय बोललो ते मला आठवत नाही. लोकांनाही आठवत नसणार. मग पहिला हात मलाच ठेवायचा होता. मी डोळे अर्धवट मिटून हात ठेवला.

“साठे, ते माझं पोट आहे,” प्रेत म्हणालं. “वर घे.”

हशा पिकला आणि त्या हशात ती म्हातारी कोळीण उठून पुढे आली. मग तिच्या दोन सुना आल्या. मग बाई पडल्या पडल्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आता पुरुष. या. मेलेल्या माणसाला लाज नसते. जिवंत झाल्यावर बघू.” ज्याने उन्हाळ्यात बाईंना ‘लेडीज होती ना’ सांगितलं होतं तो मुलगा आला. त्याने हात बरोबर जागी ठेवला आणि तो रडायला लागला. बाईंनी त्याला रडू दिलं, पण हात काढू दिला नाही.

त्या दिवशी मांडवात कळव्याचा महेश नावाचा एक तरुण आला होता, मित्रांबरोबर, टिंगल करायला. हे त्याने मला नंतर स्वतः सांगितलं. कारखान्यात फिटर होता. थोरला भाऊ, वहिनी, आई असे ते चाळीत राहायचे. दिवाळी तोंडावर आलेली असताना एका सकाळी त्याची वहिनी सुनंदा गॅलरीत कपडे वाळत घालता घालता कोसळली. भाऊ कामावर गेलेला. बायका कांदा आणायला धावल्या. महेशने वहिनीला हाक मारली, हलवलं आणि मग सगळ्या चाळीसमोर तो गुडघ्यांवर बसून तिची छाती दाबायला लागला. सासू ओरडली, कुणीतरी त्याची कॉलर धरून ओढली. तो दाबतच राहिला. भाजीच्या टेम्पोत, कोबीच्या गोण्यांमध्ये तिला आडवं घालून, खाडीचा पूल ओलांडून तो तिला दाबत दाबत आमच्या दारापर्यंत घेऊन आला.

बाई दारातच होत्या. मी या वेळी नाडी पाहिली, ती लागत नव्हती. जेली योग्य जागी फासली, तरी उत्साहाने खाटेला चिकटून उभा राहिलो. “बाजूला हो,” बाई म्हणाल्या, “तुला झटका बसेल, आणि तुझं वय बसतं.” पहिल्या झटक्याने काही झालं नाही. महेश कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता, त्याचे हात अजून वरखाली हलत होते. दुसऱ्या झटक्यानंतर पडद्यावरची रेषा अडखळली आणि मग शहाण्यासारखी चालायला लागली. बाईंनी तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि पुष्कळ वेळ उचलली नाहीत.

सुनंदाच्या हृदयातल्या विजेतच काहीतरी जन्मजात दोष होता. गोळ्या सुरू झाल्या. काही बरगड्या तडकल्या होत्या. बाकी माणूस धडधाकट. ती आपल्या पायांनी घरी गेली, अध्यक्षांनी पेढे वाटले, खाट कायमची मंजूर झाली. मी पेढे खाल्ले आणि आईला डोंबिवलीला फोन करून सांगितलं, की मी एकीला वाचवलं. माझा वाटा जेलीपुरता होता, हे फोनवर सांगायला वेळ नव्हता.

पण बाईंचं लक्ष पेढ्यांत नव्हतं. महेश पहिल्या दिवसानंतर रुग्णालयात फिरकलाच नव्हता. तपासणीला आलेल्या सुनंदाला त्यांनी खोदून विचारलं. मग कळलं, की चाळीत कुजबूज सुरू झाली होती. वहिनीचा ब्लाउज फाटला, टेम्पोत काय झालं, असलं काहीबाही. भाऊ त्याच्याशी धड बोलत नव्हता. महेश घर सोडून अंबरनाथला मित्राकडे राहायला गेला होता. “माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत ते,” सुनंदा म्हणाली, “जसं काय मीच काहीतरी केलंय.”

बाईंचं व्याकरण एकदम कडक झालं. त्या म्हणाल्या, की त्या मुलाला जर शरमेने घर सोडावं लागत असेल, तर कळव्यात यापुढे पडलेल्या बाईला कुणीही हात लावणार नाही. आणि मग आपण मंजूर करून घेतलेली खाट फक्त प्रेतं ठेवायच्या कामाची. भाऊबिजेच्या सकाळी महेशला अंबरनाथहून शोधून आणायचं काम माझ्यावर आलं. तो येईना. शेवटी मी त्याला सांगितलं, की तू आला नाहीस तर बाई मला मारतील आणि मला तर मरायची सवय आहे, पण त्या या वेळी खरंच मारतील. त्यावर तो आला.

कळव्याच्या त्या खोलीत सासू, भाऊ, सुनंदा होती आणि दाराबाहेर गॅलरीभर चाळ. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी त्यांच्या परीने तोड काढून ठेवली होती. पाटाभोवती रांगोळी, ताटात निरांजन. त्या म्हणाल्या, सुनंदा आज महेशला ओवाळेल, तो तिचा भाऊ होईल, मग कुणाला काही बोलायला जागा नको. गॅलरीतून माना डोलल्या. मलाही तो तोडगा एकदम पटला. मी तसं म्हणालोही.

“तू गप्प बस,” बाई मला म्हणाल्या. मग सासूबाईंच्या पुढ्यात जमिनीवर बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, “ओवाळायचं असेल तर जरूर ओवाळा. पण त्याला भाऊ करून घेऊ नका. हा दीर आहे. दिराने हात लावला म्हणून ही वाचली. पुढच्या वेळी शेजारी असेल, रिक्षावाला असेल, वाटेवरचा कुणीतरी असेल. तुम्ही कुणाकुणाला भाऊ करणार, आणि तोवर ती बाई थांबणार आहे का?”

महेश दाराकडे तोंड करून उभा होता. आता हा पुन्हा जातो, असं मला वाटलं. तेवढ्यात सुनंदा उठली. तिने निरांजनाचं ताट उचलून बाजूला ठेवलं, गॅलरीत जिथे ती पडली होती तिथे चटई अंथरली आणि सगळ्या चाळीच्या देखत आडवी झाली.

“शिकवा सगळ्यांना, भाऊजी,” ती म्हणाली. “कुठं हात ठेवलेला ते दाखवा.”

महेशने एकदा भावाकडे पाहिलं. मग येऊन गुडघ्यांवर बसला. बाईंनी बरोबर आणलेला लोड पुढे सारला आणि बजावलं, नुसता हात ठेवायचा, जोर लोडावर. तिच्या बरगड्या अजून माझ्या ताब्यात आहेत. त्याने हात ठेवला. त्याचा थोरला भाऊ खोलीतून बाहेर आला, त्याच्याशेजारी बसला आणि त्याने आपला हात महेशच्या हातावर ठेवला. मग एकेक माणूस पुढे यायला लागलं.

पुढच्या वर्षी मी डोंबिवलीला स्वतःचा दवाखाना काढला, बाईंची नि माझी भेट विरळ होत गेली, वयाच्या नव्वदीत त्या गेल्याचं मला फोनवर कळलं. त्यांना मी कळव्यानंतरही पाहिलं असणार. पण डोळ्यांपुढे त्या उभ्या राहतात त्या कळव्याच्या गॅलरीतच. सगळ्यांत शेवटी सासूबाई आल्या. सुनेपाशी वाकून बसल्या, हात पुढे केला आणि मध्येच थांबल्या. तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागल्या. सगळे गलबलले, मीही चष्मा पुसायला काढला. बाईंचे डोळेही भरले होते, हे मी पाहिलं. पण त्यांनी सासूबाईंचं मनगट धरलं, पदरापासून सोडवलं आणि सुनंदाच्या छातीकडे नेलं.

“रडायला नंतर पुष्कळ वेळ मिळतो,” त्या म्हणाल्या. “आधी हात ठेवा.”